होम टीम, पण घर कुठंय?

हिंजवडीहून हायवेनं परतताना बालेवाडीचं स्टेडियम दिसलं, की आमचा वर्ध्याचा ग्रुप हमखास एक विषय काढतो. ‘पुणे मराठाज्’!

नाव ऐकलं नसेल तर सॉरी म्हणू नका, फारसं कुणीच ऐकलेलं नाही. ही पुण्याची प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल टीम. हेल्मेट, खांद्यावर पॅड्स, लांबट बॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरका, नाहीतर बॉल समोरच्यांचा, असा एकूण फंडा. 2012 मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ सुरू झाली, तेव्हा मराठाज्‌चं होम ग्राउंड म्हणून नाव होतं बालेवाडीचं. पण पहिला सीझन रंगला कुठे? थेट कोलंबोत, सुगथदास स्टेडियमवर! तिथं दिल्ली डिफेंडर्सना फायनलमध्ये हरवून आपली टीम पहिलीवहिली चॅम्पियन झाली. पुणेकरांनी स्टँडमधून एक शिट्टी मारावी म्हटलं, तर मध्ये समुद्र.

“त्या पोट्ट्यांना घरच्यांनी जिंकताना पाहिलंच नाही बे!” आमचा एक मित्र दरवेळी हळहळतो. खरं तर तो स्वतःबद्दलच बोलत असतो. आमचंही तेच की! प्रमोशन इथं मिळतं, गोरसपाक तिकडे वर्ध्यात वाटला जातो.

1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या क्रीडासंकुलावरून तुम्ही रोज जाता ना? मग उद्या मराठाज्‌साठी एक शिट्टी माराच. उशिरा का होईना!