कणकेच्या गोळ्या आणि पिकअपचं चाक

स्वयंपाकघरात वावरणारी बाई टायरवर काय लिहिणार, असं म्हणून पान उलटू नका. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, टेम्पो किंवा पिकअप आहे त्या मैत्रिणींना ठाऊकच आहे, दाराशी उभी असलेली गाडी ही घरातली एक खाणारी माणूसच असते. तिचं दुखलंखुपलं की सगळ्यांच्याच ताटातलं कमी होतं.

आमची पिकअप नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट घेऊन माळशेज घाटानं कल्याणला जाते. २०२३ चा जुलै आठवतो ना? टोमॅटोनं शंभरी ओलांडली होती आणि आपण भाजीत चिंच-आमसुलावर भागवत होतो. आमच्याकडे मात्र भाड्याला उसंत नव्हती. शेतकरी बांधावरूनच माल उचला म्हणायचे. पाऊस धो धो, शिवारातले रस्ते चिखलाचे. गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं आणि हे घरी येऊन चिडचिड करायचे. त्यातच ओळखीच्या एकानं आपल्या गाडीला मोठे टायर चढवले. झालं! ह्यांच्या डोक्यात तेच बसलं.

"अगं, टायर मोठे घातले की गाडी उचलली जाईल. मग कुठलंही शिवार असो!"

चार टायरचे सव्वीस हजार. त्यातले अठरा माझ्या भिशीचे होते. शाळेत मी अर्धवेळ शिकवते. बी.ए. झाले तेव्हापासून बी.एड. करायचं मनात आहे, त्या प्रवेशासाठीच ते बाजूला ठेवले होते. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." मी काही बोलले नाही. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं लग्नापासून ऐकत आले होते आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलंच होतं.

टायरवाला म्हणाला, "बसतील की, आरामात बसतील." आणि खरंच बसले! रिकामी गाडी दारात उभी राहिली तेव्हा काय रुबाब दिसत होता! सासूबाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं. पण आमच्या बोळात शिरताना मारुतीच्या देवळापाशी पूर्ण वळण घ्यावं लागतं, तिथे 'खर्र' असा आवाज आला. हे म्हणाले, "नवीन आहेत, बसतील हळूहळू." नवी चप्पल पायाला लागते तेव्हा आपणही असंच म्हणतो, नाही का?

चौथ्या दिवशी रात्री दीड वाजता ह्यांचा टोकावड्याहून फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. भरल्या गाडीनं घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. त्यातच वळणावर चाक वळलेलं, म्हणजे मडगार्ड आणि टायर ह्यांत जी काही फट होती तीही संपलेली. घाटभर घासत घासत गाडी खाली आली होती. हे टॉर्च घेऊन वाकले तर पुढच्या दोन्ही टायरच्या कडा सोललेल्या आणि एका टायरच्या बाजूनं आतले धागे दिसू लागलेले! टायरच्या बाजूला ठिगळही लावता येत नाही. पाऊस, धुकं, एका अंगाला दरी, आणि हा टायर घाटातच फुटला असता तर? रात्रभर मी ओट्याला टेकून बसले होते. अठरा हजारांची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातवीची गणिताची वही उघडली. वर्तुळ मी मुलांना दर वर्षी शिकवते, तेच आपल्या दारातल्या चाकाला कधी लावून पाहिलं नव्हतं.

जुन्या टायरवर लिहिलं होतं २१५/७५ आर १५. हे काही गूढ नाही. २१५ मिलिमीटर ही रुंदी. टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे आतली लोखंडी रिम १५ इंच. रिमच्या खाली एक भिंत आणि वर एक, सगळं मिळून चाकाची उंची ७०३ मिलिमीटर. नवा टायर होता २३५/७५ आर १५. त्याची उंची निघाली ७३३. म्हणजे फरक ३ सेंटिमीटरचा. पण गाडी उचलली गेली किती? फक्त दीड! कारण निम्मा फरक खाली जातो आणि निम्मा वर, म्हणजे मडगार्डच्या अंगावर. रुंदीत २ सेंटिमीटर वाढलं, त्यातलंही निम्मं आतल्या बाजूला, कमानपाट्याकडे. शिवाय चाकाचा घेर वाढल्यामुळे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी साडेबासष्टच्या वेगानं धावत असते.

कुकरची रिंग आणताना आपण किती बघून आणतो! सूतभर मोठी निघाली तर झाकण लागत नाही. आणि इथे आम्ही सव्वीस हजारांची वस्तू "बसतील की" एवढ्यावर आणली होती.

वही पाहून हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चल माझ्याबरोबर मिस्त्रीकडे." लग्नानंतर चौदा वर्षांत मी पहिल्यांदाच गॅरेजमध्ये पाऊल ठेवलं.

मिस्त्रीनं घासणं थांबवायचे उपाय सांगितले. एक, बोल्ट फिरवून चाक कमी वळेल असं करायचं. पण मग देवळापाशी दोनदा गाडी मागे घ्यावी लागणार आणि घाटातल्या वळणावरही तीच गत. दुसरा, मध्ये चकती घालून चाक बाहेर सरकवायचं. त्यानं आतलं घासणं थांबेल, पण बाहेरची कड मडगार्डला लागेल आणि बेअरिंगवर ताण येईल. तिसरा, मडगार्डची कड कापायची. "काप म्हणालात तर कापतो," तो म्हणाला, "पण आधी नेमकं कुठं लागतंय ते तरी बघू."

इथे माझी कणीक कामाला आली. घरून सैलसर मळलेली कणीक आणली, लिंबाएवढ्या गोळ्या करून मडगार्डच्या आत चार-पाच ठिकाणी आणि कमानपाट्याजवळ चिकटवल्या. गाडीत क्रेट भरले. पुढचं एक चाक दगडावर चढवलं आणि स्टेअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवलं. मग दुसरं चाक चढवून पुन्हा तसंच. गोळी दबून जेवढी जाड उरली तेवढी तिथली फट! भरल्या गाडीत निदान बोटभर तरी फट हवी, असं मिस्त्री म्हणाला. पावसात चिखलालाही जागा लागते. आमच्या दोन गोळ्यांची तर पापडी झाली होती, आणि दोन्ही उजव्या बाजूच्या.

"उजवीकडेच का हो?" मी विचारलं.

मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "वहिनी, गाडीचे कमानपाटेच बसलेत की! दोन पानं तर तुटलीत." त्याच्याकडे तशीच दुसरी पिकअप रिकामी उभी होती. टेप लावून पाहिलं, तर आमची ४ सेंटिमीटर खाली! म्हणजे दीड सेंटिमीटर उंची मिळवायला आम्ही सव्वीस हजार मोजले होते, आणि ४ सेंटिमीटर कधीचे हरवले होते ते कुणी पाहिलंच नव्हतं. वर्षभर माल जास्त भरल्याचा तो परिणाम.

मग कापाकापी काहीच केली नाही. तुटलेली पानं बदलून कमानपाट्यांना पुन्हा कमान काढून घेतली. खर्च दोन टायरच्या किमतीपेक्षा कमीच आला. मागचे दोन टायर दुकानदारानं पडत्या भावात परत घेतले, पुढचे भंगारात गेले. पुन्हा मूळ मापाचेच टायर घातले, आणि गोळ्या लावून पाहिल्या तर अख्खा अंगठा जाईल एवढी फट. शिवारात पोट घासणंही थांबलं.

तुमच्याकडे कुणाला मोठे टायर घालायचेच असतील तर वरचा हिशेब आधी कागदावर मांडा. टायरवर भाराचा आकडा असतो, तोही बघा. १०० हा आकडा म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ८०० किलो. मापानं मोठा आणि भाराला कमी असा टायर मालाच्या गाडीला घालू नये. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल मनानं करता येत नाही. तेव्हा गाडीचं पुस्तक बघून आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा, म्हणजे पुढे कुणी त्यावर बोट ठेवायला नको.

माझे अठरा हजार काही सगळे परत आले नाहीत. बी.एड. एक वर्ष पुढे गेलं, याची चुटपुट मनात आहेच. खंत पैशांची कमी आणि स्वतःच्या गप्प बसण्याची जास्त आहे. तो हिशेब मला पहिल्या दिवशीही येत होता. फक्त वही उघडायची होती.

हल्ली गाडीचं काही काम निघालं की हे अंगणातून हाक मारतात, "अगं, जरा कणीक आण गं!" सासूबाई म्हणतात, "पोळ्या गाडीच्या आधी की माणसांच्या?" मी हात धुते, टेप घेते आणि बाहेर येते. पोळ्या होतातच मागाहून.