चंदेरी आणि स्पोर्ट्‌स शूज

युरोपला निघताना आम्ही आईच्या मागे लागलो होतो, की निदान एक जीन्स घे. तिने ग्वाल्हेरला लष्करच्या बाजारातून फक्त स्पोर्ट्‌स शूज घेतले. बाकी सगळ्या चंदेरी. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, त्यामुळे साडी हलकी आणि बॅगेचं वजन आटोक्यात, हा तिचा हिशेब. आत थर्मल, वर चंदेरी, त्यावर बाबांचं जाकीट. पॅरिसच्या मेट्रोत लोक वळून बघायचे. ती खुशाल काठ सावरत उभी.

आयफेल टॉवरखाली मान वर करून म्हणाली, "हा १८८९चा ना? आपला जयविलास महाल १८७४चा. पंधरा वर्षांनी थोरला!" व्हर्सायच्या आरसेमहालात तिला जयविलासच्या दरबार हॉलची झुंबरं आठवली. एकेक साडेतीन टनांचं, आणि छत पेलेल का हे बघायला म्हणे आधी वर हत्ती चढवले होते.

आज वाटतं, तिला युरोपचं दडपण आलं नाही यात नवल काय! जयविलास बांधणारे मायकेल फिलोस मूळच्या नेपल्सच्या घराण्यातले. खाली टस्कन खांब, वर डोरिक, त्याहून वर कोरिंथियन. आणि दरबारात मात्र शिंदेशाही पगड्या. परक्या कमानीखाली आपल्या कपड्यांत ताठ उभं राहायची ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला जुनी सवय आहे. आईने त्यात फक्त शूजची भर घातली. पुढच्या वेळी मीही साडीच नेणार. जाकीट तेवढं माझं स्वतःचं.