मिलम : मिटलेल्या बाजारवाटेवरचे गाव

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात, गोरीगंगेच्या उगमाजवळ, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर मिलम नावाचे गाव आहे. मुनस्यारीहून निघालेला प्रवासी लीलम, बुगडियार, रिलकोट, बुर्फू, बिल्जू ही ठिकाणे मागे टाकीत, जुन्या वाटेने सुमारे साठ किलोमीटर चालून तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेथे पोहोचतो. बहुतेक जण मिलमची हिमनदी पाहण्यासाठी येतात, आणि ती पाहण्यासारखी आहेच. परंतु व्यापारी घरात वाढलेल्या माणसाचे पाऊल थबकते ते हिमनदीच्या अलीकडे, गावाच्या गल्लीत.

एके काळी येथे पाचशे कुटुंबे राहत होती, असे सांगतात. आज दगडी भिंती उभ्या आहेत, कोरीव लाकडी चौकटी उभ्या आहेत; छपरे मात्र कोसळली आहेत. ज्या खोल्यांत मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या रचलेल्या असत, तेथे आता अंगाची आग करणारे बिच्छू गवत माजले आहे. गाव भूकंपाने मोडले नाही, रोगराईने मोडले नाही. त्याचा धंदा थांबला, म्हणून ते मोडले.

जोहार खोऱ्यातील हे लोक शौका म्हणून ओळखले जातात. धान्य, गूळ, कापड आणि भांडी घेऊन ते उन्हाळ्यात तिबेटकडे निघत आणि मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परतत. वाहतूक होई ती मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर. प्रत्येक जनावराच्या दोन बाजूंना दोन लहान पिशव्या. मार्गात उंटाधुरा, जयंती आणि कुंग्री-बिंग्री अशा तीन खिंडी लागत, तिन्ही पाच हजार मीटरांहून उंच. मध्ये चारा नाही, सरपण नाही. त्यामुळे शक्यतो एकाच दमात तिन्ही ओलांडाव्या लागत. पलीकडे ग्यानिमाची मंडी भरे. तेथून पुढे वाट कैलासाकडे जाते, ज्या परिसरात जैन परंपरा भगवान ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद मानते. हिवाळ्यात हेच व्यापारी खाली उतरत आणि जौलजीबी, थल, बागेश्वर येथील जत्रांत तिबेटी माल विकत. वर्षाचा सारा हिशेब असा बर्फाच्या वेळापत्रकाने बांधलेला होता.

मात्र या व्यापाराचा खरा पाया खिंडी नव्हेत, ‘मित्र’ होता. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा तिबेटात ठरलेला एक भागीदार असे. व्यवहार त्याच्याशीच करायचा. दुसऱ्याच्या मित्राकडे डोळा ठेवायचा नाही. हा संबंध बापाकडून मुलाकडे वारसाने येई आणि पेढीच्या नावाइतकाच मोलाचा मानला जाई. करार करताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघांनी जपून ठेवण्याचीही रीत होती. पुढे कोणी अनोळखी माणूस मित्राच्या नावाने आला, तर तुकडे जुळवून पाहिले म्हणजे शंका फिटे. दोन भाषा, दोन धर्म, दोन राज्ये. आणि मध्ये जामीन म्हणून एक फुटका दगड. आपल्याकडे शब्दावर हुंडी चालत असे, याची आठवण कोणाला येथे झाली तर नवल नाही.

याच गावात १८३० मध्ये नैनसिंह रावत जन्मले. ते शाळामास्तर, म्हणून ‘पंडित’. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना आणि त्यांच्या आप्तांना निवडले, कारण तिबेटात परक्याला प्रवेश नव्हता आणि मिलमचा माणूस तेथे परका नव्हता. नैनसिंह व्यापाऱ्याच्या वेषात निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. हातात जपमाळ होती. पण जिच्यावर आपल्या घरांत नवकार जपला जातो, त्या माळेचे मणी एकशे आठ. नैनसिंहांच्या माळेत शंभरच होते. दर शंभर पावलांना एक मणी सरके, आणि तिबेटचा नकाशा मण्यामण्याने पुरा होई. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले असत. वाटेत पैसे संपले तेव्हा शिगात्से येथे त्यांनी नेपाळी दुकानदारांना हिशेबाची भारतीय पद्धत शिकवून खर्च भागवला. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. मालेची ही युक्ती अनेकांना ठाऊक असते; हिशेब शिकवून पोट भरल्याची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि मिलमच्या माणसाची ओळख तीतच अधिक पटते.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराचा करार झाला. त्यात व्यापारी व यात्रेकरूंसाठी सहा खिंडींची नावे लिहिली गेली; कुंग्री-बिंग्री त्यांपैकी एक. कराराची मुदत आठ वर्षांची. जून १९६२ मध्ये ती संपली, नवा करार झाला नाही, आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या तुकड्यांवर चाललेला व्यवहार लेखी स्वरूपात आठ वर्षे टिकला. कित्येकांचा माल आणि येणी पलीकडेच राहिली. १९९२ मध्ये लिपुलेख खिंडीतून व्यापार पुन्हा सुरू झाला. मिलमची वाट मात्र उघडली नाही.

शौकांनी यावर रडगाणे गायले नाही. १९६७ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुले शिकली, सरकारी नोकऱ्यांत शिरली, मुनस्यारी, हल्द्वानी, दिल्लीला स्थायिक झाली. धंदा गेला तरी कुटुंबे सावरली. घरांना मात्र सावरायला कोणी उरले नाही.

जाणाऱ्यांनी मुनस्यारीत परवाना काढून घ्यावा. मुनस्यारीचा पांढरा राजमा चवीला उत्तम. परंतु तेथे डाळीला ‘जंबू’ नावाच्या वाळलेल्या पानांची फोडणी देतात. ती वनस्पती कांदा-लसणाच्या कुळातील, आणि वरच्या गावांत बटाट्याचे पीकही बरेच. म्हणून नियम पाळणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवणे बरे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन मात्र पहाडात कोणालाच जड जात नाही.

उन्हाळ्यात काही कुटुंबे अजूनही वर येतात. ती शेते नांगरतात, बटाटा आणि फाफर पेरतात, जडीबुटी गोळा करतात आणि थंडी पडू लागली की दारे लावून खाली उतरतात. गावाच्या उत्तरेला उंटाधुऱ्याची वाट आजही चढताना दिसते. तिच्यावरून आता भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या तुकड्या जातात.