पांढरी चार, विलंबित

पेटीवर पांढरी चार दाबून धरा आणि तिच्यासोबत पांढरी पाचही. दोन सूर एकमेकांना खेटतात, आवाजाला थरथर सुटते आणि कानाला वाटतं, आता कुणीतरी सरकावं. इटालियन संगीतकार पेर्गोलेसीच्या ‘स्ताबात मातेर’मधलं पहिलं द्वंद्वगीत या खेटण्यावरच उभं आहे. क्रुसापाशी उभ्या असलेल्या येशूच्या आईचं, मरियेचं दुःख दोन आवाज गातात. एक आधी येतो, दुसरा लगेच वरचा सूर धरून त्याला भिडतो. पहिला वाट देतो, आणि तीच खेच पुन्हा एक पायरी वर सुरू होते. खाली चेलोची चाल एकेक पाऊल टाकत राहते.

रचनेवर लयीची सूचना आहे ‘ग्रावे’, म्हणजे संथ, भारदस्त. ही लय शोभेसाठी नाही. जलद गायलं, तर सुरांची खेच कानाला कळायच्या आत सुटून जाते. फारच रेंगाळलं, तर गाणाऱ्याचा दम तुटतो आणि चढण मोडते. खुपलेला सूर पुरता खुपावा, मगच सुटावा, एवढाच अवकाश ही लय देते.

पट्टी आहे एफ मायनर: षड्ज पांढरी चारवर आणि गंधार, धैवत कोमल. आपल्याला प्रश्न पडेल की पट्टीत कसला आलाय भाव? आपला गवई गळ्याला मानवेल तो सा धरतो. काळी एक घेतली म्हणून राग बदलत नाही. पण पेर्गोलेसीच्या काळी युरोपातली वाद्यं बारा सूर समान अंतरावर ठेवून लावत नसत. काही पट्ट्या गोड लागत, काही कडवट. एफ मायनर कडवटांतली, म्हणून शोकाला सोयीची.

पेर्गोलेसी १७३६ साली, अवघ्या २६व्या वर्षी नेपल्सजवळ वारला. त्या काळात आपल्या औरंगाबादेत अमृतराय (१६९८–१७५३) कीर्तनं करत होते, कटाव रचत होते. द्रौपदीवस्त्रहरण हा त्यांचा गाजलेला विषय. इथेही भरल्या सभेत एक असहाय बाई उभी आहे, पण कटावाची चाल धावती. अनुप्रासावर अनुप्रास आदळतात, टाळ-मृदंग पाठीशी लागतात, श्रोत्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. कारण द्रौपदीला मदत हवी आहे, आणि ती आत्ता हवी आहे. मरियेच्या बाबतीत मदतीची वेळ टळून गेली आहे. जे घडायचं ते घडलं. उरलं आहे फक्त सोसणं. म्हणून एकीचा धावा द्रुत, दुसरीचा शोक विलंबित.

संगीतकार बाखने पुढे १७४०च्या दशकात पेर्गोलेसीचं हेच संगीत घेऊन त्यावर बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राचे जर्मन शब्द बसवले. आईचा शोक गेला, तिथे पापाची कबुली आली, आणि संगीताने तीही पेलली. तेव्हा सूर आणि लय ‘कुणाचं दुःख’ हे सांगत नाहीत. दुःख किती जड आहे आणि ते किती वेळ धरून ठेवायचं, एवढंच सांगतात. तो हिशेब पेर्गोलेसी शेवटपर्यंत पाळतो. अखेरचं द्वंद्वगीत पुन्हा एफ मायनरमध्ये, पुन्हा संथ. आणि त्याला जोडूनच ‘आमेन’ मात्र भरधाव सुटतं. कीर्तन ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये: शेवटचा गजर आपल्याकडेही विलंबित लयीत होत नाही.