मिठाची गुळणी

लहानपणी घसा धरला की आई पितळी पेल्यात कोमट पाणी ओतायची, त्यात खडेमिठाचे दोन कण सोडायची आणि मला मोरीच्या कठड्याशी उभं करून म्हणायची, "घे तोंडात. गिळू नकोस, थुंकूही नकोस एवढ्यात. धरून ठेव." संध्याकाळ उतरत असायची, देवापाशी नुकताच दिवा लागलेला असायचा, झरोक्यातून येणारा शेवटचा तांबूस उजेड बादलीतल्या पाण्यात थरथरत असायचा, आणि माझ्या गालांच्या आत ते खारट, कोमट पाणी हळूहळू सगळ्या जगाएवढं होत जायचं. डोळे भरून यायचे. कोणी हाक मारली तरी ओ देता यायची नाही. घरात चाललेलं सगळं दिसायचं, ऐकू यायचं, समजायचं. त्यात आपला शब्द तेवढा मिसळता यायचा नाही.

गुळणी धरलेल्या माणसाला सगळं कळत असतं.

पुढे भाषेची चव कळू लागली तेव्हा लक्षात आलं की आपल्या मराठीने मिठाचे दोन संसार मांडून ठेवले आहेत. एक खाल्ल्या मिठाला जागण्याचा, ज्याच्या घरचं अन्न पोटात गेलं त्याच्याशी इमान राखण्याचा. दुसरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसण्याचा, बोलायची वेळ आली असताना गप्प राहण्याचा. पहिल्याची आपण थोरवी गातो, दुसऱ्याला नावं ठेवतो. पण मीठ एकाच बरणीतलं. आणि दरबारात तर ते एकाच ताटात वाढलेलं असतं.

या दोन मिठांच्या मधोमध सतरा वर्षं उभा राहिलेला एक माणूस अधूनमधून माझ्या मनात येऊन बसतो. झियाउद्दीन बरनी. बरनचा, म्हणजे आजच्या बुलंदशहरचा. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याचा नदीम, म्हणजे बैठकीतला सोबती. राजा बोलेल तेव्हा ऐकायचं, राजा विचारील तेव्हा जुन्या राजांच्या गोष्टी सांगायच्या, गप्पा रंगवायच्या, हे त्याचं काम. शहाणपणाचं काम, आणि जिवावरचंही. सुलतानाच्या दिल्लीतल्या महालाला हजार सुतून म्हणत, हजार खांबांचा महाल. रंगवलेले लाकडी खांब आणि त्यांच्यावर तोललेलं नक्षीदार लाकडी छत. त्या खांबांच्या गर्दीत, अत्तराच्या आणि भीतीच्या मिसळलेल्या वासात, हा विद्वान माणूस रोज आपली जागा शोधून बसत असेल. समोर असा राजा, की ज्याच्या बुद्धीने दिपून जावं आणि ज्याच्या हातांकडे पाहून थिजावं. दानाला बसला तर उधळून टाकणारा, आणि रागावला तर दारात माणसांची प्रेतं पडलेली. दूर मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता याच राजाच्या पदरी दिल्लीचा काझी होता. राजवाड्याच्या वाटेवर एकदा आपला घोडा जमिनीवरचं काहीतरी पांढरं पाहून बुजला, असं त्याने सांगितलं आहे. काय ते, म्हणून विचारलं तर कळलं, की तीन तुकडे केलेल्या माणसाचं ते धड होतं.

घोडा बुजला. माणसं पुढे गेली.

मी आश्विनात दौलताबादला, म्हणजे पूर्वीच्या देवगिरीला, गेलो होतो. पाऊस नुकता सरलेला, वेरूळच्या रस्त्याकडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या, आणि त्या हिरव्या-पांढऱ्या राशींच्या मागे देवगिरीचा तो एकटा डोंगर, कमरेपासून खाली तासून काढलेला, जणू पृथ्वीने आपली एक मूठ आकाशाकडे उगारून तशीच ठेवली आहे. 1327च्या सुमारास तुघलकाने आपली राजधानी इथे आणली. दिल्लीची माणसं ही सगळी वाट तुडवत आली. कुणाच्या पाठीवर मूल, कुणाच्या उराशी कुराण, कुणाच्या पदराच्या गाठीला अंगणातली माती. कितीतरी जण वाटेतच राहिले. जे पोहोचले त्यांतले काही जवळच्या खुलताबादच्या मातीत कायमचे विसावले. त्यांच्यात कवी अमीर हसन सिजझीही आहे, सूफी संत निजामुद्दीन अवलियांचे बोल टिपून ठेवणारा, आणि बरनीचा जिवलग मित्र. दिल्लीतल्या ज्या रात्री या दोघांनी अमीर खुस्रोबरोबर कवितेत घालवल्या असतील, त्या रात्रींचं एक टोक इथे, आपल्या मराठवाड्याच्या काळ्या दगडात येऊन संपलं आहे. मित्राचं थडगं इतक्या लांब असणं म्हणजे काय, ते बरनीलाच ठाऊक.

गडाच्या पहिल्या तटापाशी बसून मी त्या चिठ्ठ्यांचा विचार करत होतो. इब्न बतूता सांगतो, की दिल्लीची माणसं रात्री सुलतानाच्या दरबारात मोहोरबंद चिठ्ठ्या टाकून जात. वर लिहिलेलं असे, सुलतानाखेरीज कुणी उघडू नये. आणि आत शिव्याशाप. म्हणून चिडून सुलतानाने शहर रिकामं करवलं, असं बतूताचं म्हणणं. खरं कारण काही असो, माझ्या डोळ्यांपुढे ते अंधारातले हात येतात. नाव नसलेले, पद नसलेले, नदीम नसलेले हात. ते बोलत होते. आणि ज्याला रोज राजासमोर बसायला गालिचा होता, ज्याच्या जिभेवर जमशेदापासूनचे सगळे राजे होते, तो मात्र गप्प होता.

हे मी म्हणत नाही. हे बरनीनेच लिहून ठेवलं आहे.

1345चा सुमार. गुजरातेत बंड उठलेलं, राजा फौज घेऊन निघालेला. वाटेतल्या एका मुक्कामी त्याने बरनीला बोलावलं आणि विचारलं, जुन्या राजांनी कोणकोणत्या गुन्ह्यांना देहदंड ठेवला होता? त्या काळच्या फारसीत सियासत या शब्दाचा एक अर्थ शिक्षा असा होता; आपण तो आज राजकारणासाठी वापरतो, आणि शब्दाच्या पोटात त्याचं जुनं रक्त तसंच वाळलेलं राहतं. बरनीने पोथीतलं उत्तर दिलं. गुन्हे मोजून सांगितले. पण बरनी पुढे लिहितो, त्या क्षणी त्याला वेगळंच सांगायचं होतं. सांगायचं होतं, की ही बंडं, हा सगळीकडचा द्वेष, हे तुमच्याच अतोनात शिक्षांचं पीक आहे. काही काळ तरी हात आवरा. शब्द घशापर्यंत आले. राजाच्या संतापाची भीती वाटली. शब्द घशातच राहिले.

कोमट, खारट, गालभर.

पुढे कधीतरी त्याच राजाने आपलं राज्य रोगी झाल्याची कबुलीही दिली. एक दुखणं आवरावं तर दुसरं उसळतं असं म्हणाला, आणि उपाय विचारला. बरनीने तेव्हा आडून सांगितलं, की पूर्वी असे प्रसंग आले तेव्हा काही राजे राज्य मुलाच्या हाती देऊन बाजूला झाले. इतिहासाच्या पदराआड लपून एवढंच. गुळणीतला एक थेंब ओठाच्या कडेने ओघळावा, तेवढंच.

आणि मला बरनीचा काका आठवतो. अला-उल-मुल्क, अलाउद्दीन खिलजीचा दिल्लीचा कोतवाल. देहाने इतका स्थूल, की महिन्यातून एकदा, चंद्रदर्शनालाच काय तो दरबारी यायचा. अलाउद्दीनला विजयाची धुंदी चढली होती. नवा धर्म काढावा, सिकंदरासारखं जग जिंकावं, असं मद्याच्या बैठकीत तो म्हणू लागला होता. सगळे माना डोलावत होते. कोतवालाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आधी ही दारू उचलायला सांगा, आणि या सगळ्यांना बाहेर पाठवा. मग त्या रिकाम्या दालनात त्याने सांगितलं, की धर्म हे पैगंबरांचं काम, राजांचं नव्हे. आणि तुम्ही जग जिंकायला गेलात तर दिल्ली कोण सांभाळणार? अलाउद्दीनने ऐकलं. गौरवही केला. ही गोष्ट आपल्यापर्यंत पुतण्याच्याच लेखणीतून आली आहे. ती लिहिताना म्हाताऱ्या बरनीचा हात किती वेळ कागदावर थांबला असेल, असं मनात येतं. घराण्यात एक सोडलेला शब्द होता. वारशाला तोच आला नाही.

बरनीचा न्याय करायला मी बसलेलो नाही. तो काही संतही नव्हता. हलक्या कुळातल्या माणसांबद्दल त्याने जे लिहिलं आहे ते वाचून आजही अंगावर काटा येतो. पण त्याच्या गप्प राहण्यापाशी मी अडखळतो, कारण तिथे मला माझाच चेहरा दिसतो.

खूप वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी नोकरीला होतो. भांडारात एक वयस्कर कारकून होते, धोतरातले, कापडी पिशवीवाले, ज्यांच्या नोंदवहीतलं अक्षर मोत्यासारखं असायचं. एकदा हिशेबात खोट आली. ती कुठून आली हे टेबलाभोवतीच्या पाचांपैकी तिघांना माहीत होतं. मी त्या तिघांतला. वरिष्ठांनी ठपका त्या कारकुनांवर ठेवला आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. माझ्या पुढ्यातल्या चहावर साय धरत होती, आणि तिची एकेक सुरकुती मी इतक्या मन लावून पाहत होतो, की आजही मला ती काढून दाखवता येईल. घरी दोन लहान मुलं होती, भाड्याची खोली होती, महिनाअखेर होती. खाल्लेलं मीठ होतं. त्या गृहस्थांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, रागही नव्हता. नुसती ओळख होती. मग ते उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली, आणि गेले.

मला कुणी काही विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

तुघलक 1351मध्ये सिंधूकाठी, ठठ्ठ्याच्या मोहिमेत वारला. फिरोजशाह गादीवर आला. त्याने एक विलक्षण गोष्ट केली: ज्यांना तुघलकाने मारलं त्यांच्या वारसांना, आणि ज्यांचे हातपाय, नाक, डोळे काढवले त्यांना त्याने देणग्या देऊन संतुष्ट केलं, त्यांच्याकडून साक्षीनिशी माफीपत्रं लिहून घेतली, आणि ती एका पेटीत भरून मेलेल्या सुलतानाच्या थडग्याच्या उशाशी ठेवली. पैशाने मिळवलेल्या क्षमेचं वजन किती, कुणास ठाऊक. पण ती पेटी माझ्या मनातून जात नाही. राजासाठी कुणीतरी पेटी केली. जे खांबांआड उभे राहून पाहत होते, त्यांच्यासाठी अशी पेटी कुठे असते?

बरनीने ती स्वतःच केली असावी. नव्या राजवटीत त्याचे दिवस फिरले, पद गेलं, पैसा गेला, कैदही वाट्याला आली. आणि 1357मध्ये, वयाच्या 74व्या वर्षी, त्याने 'तारीख-ए-फिरोजशाही' पूर्ण केली. तिच्यात त्याने राजाचे गुन्हे लिहिले आणि त्यांच्या शेजारी स्वतःचा लिहिला: जीव जाईल म्हणून, मानपान जाईल म्हणून, आम्ही जाणते लोक खरं बोललो नाही. तो मेला तेव्हा जनाज्यावर जाडंभरडं पांघरूण तेवढं होतं, असं सांगतात. निजामुद्दीनांच्या परिसरात त्याला पुरलं. ज्या मिठासाठी गुळणी धरली ते संपलेलं होतं. गुळणी मात्र त्याने कागदावर रिकामी केली होती.

इतक्या उशिरा बोललेल्याचा उपयोग कुणाला? हा प्रश्न घेऊनच मी गड चढत होतो.

खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी लागते. डोंगराच्या पोटातून वर वळत जाणारी ती वाट, शत्रूला आंधळं करण्यासाठी खोदलेली. आत शिरताच वटवाघळांचा उग्र, दमट वास अंगावर आला. आमच्यापुढे एक कुटुंब होतं, मागे आणखी काही माणसं, आणि सगळ्यांत पुढे एक म्हातारा वाटाड्या. मध्यावर पोहोचल्यावर त्याने विजेरी विझवली. आणि असा अंधार आला, की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हाताने चाचपून पाहावं. सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्पपणात दगडातून झिरपणारं पाणी ऐकू येत होतं.

"गप नका राहू," वाटाड्या म्हणाला. "बोलत ऱ्हावा. पायरी लागली की मागच्याला सांगा."

मग पुढून आवाज आला, "पायरी आहे." त्यामागच्या बाईने तो आपल्या मुलाला दिला, "पायरी आहे रे, जप." मुलाने बारीक आवाजात मला दिला, "काका, पायरी आहे." तो मुलगा थोडा आधीच ठेचकाळला होता, मी ऐकलं होतं. अडखळला, सावरला, आणि मग त्याने सांगितलं. त्याच्या ठेचेला तो शब्द काहीच उपयोगाचा नव्हता. पण माझा पाय उचललेला होता, आणि तो नीट पडला.

अंधारात मी क्षणभर तसाच उभा राहिलो. मला ती छत्री दिसली, तो कोपरा दिसला, चहावरची साय दिसली. आणि हजार खांबांच्या पलीकडून, साडेसहाशेहून अधिक वर्षांच्या अंधारातून, एक म्हातारा, ठेचकाळून गेलेला आवाज ऐकू आला.

माझ्यामागे कुणीतरी चाचपडत येत होतं. श्वास ऐकू येत होता, चेहरा दिसत नव्हता. मी भिंतीला हात टेकला, घसा मोकळा केला.

"पायरी आहे," मी म्हणालो.