वरचं पाणी, खालचं पाणी

'पाणवठा' हा शब्द आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शब्दार्थांच्या यादीत पाठ केला होता. पाणी भरण्याची जागा, दोन मार्क, विषय संपला! खरा पाणवठा पाहिला तो सेकंड इयर संपल्यावर आजीबरोबर, वाईजवळच्या मेणवलीला. 'स्वदेस' (२००४) पाहिलेल्यांना कृष्णेकाठचा हा दगडी घाट आठवेल. वर नाना फडणवीसांचा वाडा, घाटावर छोट्या देवळात पोर्तुगीज घंटा (१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर इकडे आलेली) आणि खाली पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायका.

मित्रांनो, आपण मेसच्या पाण्यावरून भांडतो, पण नदीकाठच्या गावांची व्यवस्था बघा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, त्याखाली धुणं, त्याच्याही खाली गुरं. पंप नाही, फिल्टर नाही, नुसता उतार! मी सिव्हिलची, त्यामुळे साहजिकच म्हणाले, "आजी, काय डिझाइन आहे बघ!"

आजीचं सासर असंच कृष्णाकाठचं. ती हसली. "डिझाइन कसलं गं? आठ माणसांचं धुणं पिळून मनगटं जायची. पण सासूचा कान नसलेली जागा ती एवढीच, म्हणून पाय आपोआप वळायचे."

मग जरा वेळाने तीच म्हणाली, "वेशीबाहेरच्या वस्तीचा पाणवठा आमच्याही खाली होता. आमच्या धुण्याचं पाणी त्यांच्याकडे जायचं. कुणी काही बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

पाण्याचा उतार निसर्गाचा. पण कोणी कुठे उभं राहायचं, हे माणसांनी ठरवलेलं. म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही केवढी मोठी गोष्ट! सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसं जाहीरही केलं. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावं लागलं, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं.

आज घाट, बारव, हौद साफ करायला तरुण मंडळी सुट्टीत जातात. आपणही जाऊ या. गाळ काढू, झुडपं तोडू. पण नंतर तिथे पाटी लावाल तेव्हा बांधणाऱ्याच्या नावाखाली आणखी दोन ओळींना जागा ठेवा : इथे कोणाची मनगटं झिजली आणि इथे कोणाला पाय ठेवू दिला नाही.

आमच्या हॉस्टेलमध्ये सकाळी नळावर रोज कचाकचा भांडणं होतात. पण नियम एकच, जिची बादली आधी तिचा नंबर आधी. आडनाव कुणी विचारत नाही. इतका साधा नियम, पण तो आपल्या गावांच्या पाणवठ्यांवर यायला किती पिढ्या गेल्या!