आमच्या घरात कॉम्प्युटर आला त्याची गोष्ट

बारावीचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात आईची भिशी लागली. ४५ हजार रुपये. बीसीएला प्रवेश घेतलेला, म्हणून बाबा म्हणाले, "पोराला कॉम्प्युटर घेऊया." मी मान डोलावली आणि ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "अभ्यासाला लागतोच."

खोटं नव्हतं ते, पण पूर्ण खरंही नव्हतं. अकरावीपासून मी दर शनिवारी गेमिंग कॅफेत तासाचे पैसे देऊन खेळत होतो. घरी मात्र 'मित्राकडे नोट्स आणायला जातो' असं सांगायचो.

आमचं घर वडगावात, दोन खोल्यांचं. आईला दुकानात ऑल-इन-वन एकदम आवडला. टीव्हीसारखा पडदा, सगळं त्याच्याच पाठीमागे बसवलेलं. एकच वायर प्लगला, बाकी काही नाही. "किती सुटसुटीत आहे बघ की! झाडताना त्रास नाही," ती म्हणाली. दोन खोल्यांच्या घरात हा मुद्दा छोटा नसतो. मी नुसताच "पण डेस्कटॉप बरा" म्हणत राहिलो. का बरा, ते सांगायची हिंमत नव्हती. कारण सांगायचं तर गेमिंगचं नाव काढावं लागलं असतं.

रात्री जेवताना बाबांनीच विषय काढला. "तू खेळतोस न्हवं त्या कॅफेत? मला म्हाईत आहे. आता सांग, कुठलं घ्यायचं आणि का."

माझा घास तोंडातच राहिला. मग मात्र सगळं सांगितलं. ऑल-इन-वनमध्ये जागा कमी, म्हणून आत बहुतेक वेळा लॅपटॉपच्या जातीचे, कमी वीज खाणारे पार्ट असतात. गेम सुरू झाला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही तापतात. पातळ खोक्यातला छोटा पंखा ती उष्णता बाहेर टाकू शकला नाही, की मशीन स्वतःचा वेग कमी करतं आणि गेम अडखळतो. रॅम काही मॉडेलमध्ये वाढवता येते, पण ग्राफिक्स चिप बहुधा बोर्डावरच डकवलेली असते. उद्या नवीन कार्ड घालायचं म्हटलं तर जागाच नाही. आणि पडदा गेला तर अख्खं मशीन दुरुस्तीला. आमच्या गल्लीतल्या एका दादाचा ऑल-इन-वन असाच चार महिने पडून होता, आत त्याचा प्रोजेक्ट अडकलेला.

बाबा मागाच्या शेडमध्ये जॉबर आहेत. पॉवरलूम बिघडला की त्यांना बोलावतात. ते हसले. "म्हणजे धोटा मोडला म्हणून सगळा माग उचलून न्यायचा? असलं यंत्र कोण घेईल गा?"

एवढं वाचून जे मला समजलं होतं, ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं.

पण पैसे ४५ हजारच होते, आणि तेही आईचे. मग आम्ही कागद घेऊन बसलो. चांगलं ग्राफिक्स कार्ड त्यात बसत नव्हतं. म्हणून रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर ठरवला, त्याच्या आतच ग्राफिक्स असतं. ते ग्राफिक्स रॅमच वाटून घेतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. दोन पट्ट्यांमुळे वेग चांगला मिळतो. एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, अजिबात काटकसर केली नाही, कारण पुढे कार्ड घातलं तर त्याचा भार त्याच्यावरच येणार. उरलेल्यात मॉनिटर आणि छोटा यूपीएस. ऑल-इन-वनपेक्षा वायरी सहा जास्त झाल्या. आईने त्या सगळ्या एका जुन्या ओढणीच्या पट्टीने बांधून टाकल्या.

तुमच्यापैकी कुणी घेणार असाल तर एवढंच सांगतो. घरात जागा नसेल, टायपिंग, ऑनलाइन तास आणि सिनेमा एवढंच काम असेल, तर ऑल-इन-वन वाईट नाही. आईचं म्हणणं त्या हिशोबाने बरोबरच होतं. पण खेळायचं असेल तर डेस्कटॉपच घ्या, आणि खेळायचंय हे घरात आधी सांगा. मी न सांगितल्यामुळे सुटसुटीत यंत्र घरी आलं असतं, आणि दोन वर्षांनी मी त्यालाच दोष देत बसलो असतो.

आज व्हॅलोरंट छान चालतो. जड गेम कमी सेटिंगवर, तेही कुथत. कॅबिनेटमधली कार्डाची जागा अजून रिकामी आहे. परवा बाबांनी झाकण काढून टॉर्च मारून आत बघितलं, ब्रशने पंख्यावरची धूळ झाडली आणि विचारलं, "हितंच बसणार न्हवं ते?"

"होय," मी म्हटलं. "पण ते माझ्या पैशातनं."

आता शनिवारी मी एका दुकानात बिलं टाइप करायला जातो. या वेळी घरी खरं सांगून.